ऊन-वाऱ्याची वीज आणि हवामानशास्त्र

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकांनी दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी एका विद्वान गृहस्थांचे व्याख्यान व्हावे, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा चिटणीसांनी तो मान माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शालामास्तरास दिला, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. पस्तीस वर्षे खाडीकाठच्या शाळांतून मुलांना भूगोल आणि गणित शिकविले, शाळेच्या अंगणातील पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठाच्या ठोक्याला ठेवली आणि निवृत्तीनंतर वाचनाचा नाद सोडला नाही, एवढीच माझी पुंजी आहे. तेव्हा आपण माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा न ठेवता, घरातील वडील माणूस ओटीवर बसून चार हिताच्या गोष्टी सांगतो, त्या भावाने माझे बोलणे ऐकून घ्यावे.

विषय निवडण्यास कारण घडले ते असे. आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या गच्चीवर दहा किलोवॉटचा सौरविजेचा संच बसवावा, असा ठराव आज दुपारच्या सभेपुढे यावयाचा आहे. त्यासाठी लागणारा पैसा सभासदांनी वर्षानुवर्षे दिलेल्या वर्गणीतून साठलेला आहे. त्यातला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी घामाचा आहे. काही सभासद म्हणतात, ही रक्कम मुदतीच्या ठेवीत सुरक्षित आहे, ती छपरावर कशाला घालावी? दुसरे म्हणतात, सूर्य फुकट ऊन देतो, मग विलंब कशाला? दोन्ही पक्षांचा हेतू शुद्ध आहे. परंतु सूर्य किती ऊन देतो, केव्हा देतो आणि केव्हा देत नाही, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारलेला नाही. त्या प्रश्नाचे उत्तर ज्या शास्त्रात आहे, ते हवामानशास्त्र होय.

हे शास्त्र आपणांस परके नाही. आपण आगरी, मिठागरावर वाढलेली माणसे. पावसाळा सरला की बांध आणि वाफे दुरुस्त करावयाचे, उधाणाचे पाणी आत घ्यावयाचे, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवीत उन्हावर आणि वाऱ्यावर आटवावयाचे आणि शेवटी पांढरे शुभ्र मीठ ओढून त्याची रास घालावयाची, हा आपल्या वाडवडिलांचा धंदा. त्यांना ऊन आणि वारा मोजण्याची यंत्रे ठाऊक नव्हती. पण उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला की पाणी लवकर आटते आणि समुद्रावरचा खारा, दमट वारा सुटला की तेच काम रेंगाळते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. वैशाखात एखादा वळीव अवेळी कोसळला, तर महिन्याची मेहनत अर्ध्या तासात विरघळून जाई. म्हणून संध्याकाळी बांधावर उभे राहून आभाळाचा रंग पाहणे, हा त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. ऊन आणि वारा ह्यांना कामास लावणारे लोक म्हणजे आपण. आज जग जे नव्याने करू पाहत आहे, त्याचे मूळ आपल्या वाफ्यांत आहे. आता मिठागरे थोडी उरली. पण ती दृष्टी उरावी, असे मला वाटते.

कोळशाची वीज आणि ऊन-वाऱ्याची वीज ह्यांत एक मोठा भेद आहे. कोळसा वखारीत साठविता येतो. हवा तेव्हा भट्टीत घालता येतो. ऊन आणि वारा ह्यांची वखार नाही. ते निसर्गाच्या मर्जीने येतात व जातात. म्हणून कोळशाच्या कारखान्याला खाणीचा आणि रेल्वेचा हिशेब पुरतो, तर ऊन-वाऱ्याच्या कारखान्याला आकाशाचा हिशेब लागतो. हा हिशेब तीन प्रकारचा आहे. कारखाना कोठे उभारावा, हे ठरविण्यासाठी त्या जागेच्या पुष्कळ वर्षांच्या नोंदी लागतात. उभारल्यावर तो उद्या आणि पुढच्या तासाला किती वीज देईल, ह्याचा अंदाज लागतो. आणि तो पंचवीस वर्षे टिकावयाचा असल्यामुळे पंचवीस वर्षांत हवामानच कसे पालटेल, ह्याचाही विचार लागतो. ‘हवा’ आणि ‘हवामान’ ह्यांतला भेद मी वर्गात असा सांगत असे : हवा म्हणजे माणसाचा आजचा राग-लोभ आणि हवामान म्हणजे त्याचा जन्माचा स्वभाव. सोयरीक जुळविताना स्वभाव पाहावा लागतो आणि घरात रोज वागताना राग-लोभ सांभाळावा लागतो. विजेचेही तसेच आहे.

ह्या हिशेबाचा पहिला मोठा धडा आपल्याच रायगड जिल्ह्यात गिरविला गेला, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत्‌केंद्र १९१५ साली सुरू झाले. पुढे १९२२ साली भिवपुरीचे आणि १९२७ साली भिऱ्याचे. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पण तो सारा चार महिन्यांत. मुंबईच्या गिरण्या तर बारा महिने चालावयाच्या. तेव्हा चार महिन्यांचे पाणी किती येईल, एखाद्या दुष्काळी वर्षी किती कमी येईल आणि तळे केवढे बांधले असता पुढच्या मृगापर्यंत पुरेल, हा हिशेब धरणाच्या दगडाआधी मांडावा लागतो. तो मांडून माथ्यावरचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली आणले आणि त्यावर गिरण्या चालल्या. त्या विजेसाठी मावळातील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी गमाविल्या आणि १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला, हेही विसरता येत नाही. फुकटची म्हणून जी वीज सांगितली जाते, तिची किंमत कोणी तरी देतच असतो. ती योग्य माणसाकडून आणि योग्य मापाने घेतली जावी, एवढेच आपण पाहावयाचे.

आता उन्हाकडे वळू. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,३६१ वॉट इतकी सूर्यशक्ती पडते. हवा, धूळ, बाष्प आणि ढग ह्यांतून गाळून ती जमिनीवर पोचेपर्यंत, निरभ्र दिवशी भर दुपारी सुमारे हजार वॉट उरते. सौर पॅनेलची शक्ती ह्याच हजार वॉटांवर आणि पंचवीस अंश सेल्सियस तापमानावर मोजलेली असते. परंतु वैशाखातील दुपारी गच्चीवरचे पॅनेल साठ अंशांपर्यंत तापते आणि पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे त्याची शक्ती शेकडा सुमारे ०.४ ने उतरते. पस्तीस अंशांची वाढ झाली, तर शेकडा चौदा वीज कमी. म्हणजे कडक ऊन म्हणजे जास्तीत जास्त वीज, हा समज पुरता खरा नव्हे. वारा वाहत असेल, तर पॅनेल निवते आणि वीज वाढते. मिठाच्या वाफ्याप्रमाणेच येथेही ऊन आणि वारा एकत्र मोजावे लागतात.

ऊन मोजण्याचे जुने यंत्र फार गमतीचे आहे. काचेचा एक भरीव गोळा असतो व त्याच्यामागे निळसर पुठ्ठ्याची पट्टी बसविलेली असते. सूर्य निघाला की गोळा भिंगाचे काम करून पट्टीवर जळका डाग पाडीत जातो. ढग आला की डाग तुटतो. संध्याकाळी त्या जळक्या रेषेची लांबी मोजली की दिवसभरात किती तास ऊन पडले, ते कळते. हे यंत्र कॅम्बेल आणि स्टोक्स ह्या दोघांच्या नावाने ओळखले जाते. परंतु किती तास ऊन पडले एवढ्याने भागत नाही. ते किती तीव्र होते, हेही हवे. त्यासाठी निराळी, नाजूक उपकरणे लागतात. आणि ती भारतात सर्वत्र बसविण्याचे श्रेय जिला द्यावे लागते, त्या स्त्रीची हकीकत आपल्या मुलींनी कान देऊन ऐकावी.

अ‍ॅना मणी ह्यांचा जन्म १९१८ साली त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. मद्रासला पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन त्या बंगळुरात सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणके ह्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करू लागल्या. त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले, प्रबंधही तयार झाला, पण एम.एस्‌सी.ची पदवी नाही, ह्या कारणास्तव विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. बाईंनी हात टेकले नाहीत. १९४५ साली त्या विलायतेस गेल्या, हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेतले आणि १९४८ साली पुण्यास भारतीय हवामान विभागात रुजू झाल्या. हा विभाग १८७५ साली स्थापन झालेला. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यास आले, म्हणून पुणेकर त्या इमारतीस ‘शिमला ऑफिस’ म्हणू लागले. साधे पर्जन्यमापकही परदेशातून आणण्याचा तो काळ. अ‍ॅना मणींनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे नीट करून ती येथेच घडविण्याची सोय केली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर सूर्यशक्ती मोजणारी केंद्रे उभारली. चुकीच्या मापापेक्षा माप नसलेले बरे, अशी त्यांची कडक वृत्ती होती. १९७६ साली निवृत्त झाल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९८० साली त्यांनी भारतातील सूर्यशक्तीच्या आकडेवारीचा ग्रंथ आणि १९८३ साली वाऱ्याच्या शक्तीच्या आकडेवारीचा ग्रंथ सिद्ध केला. पुढे ह्या देशात सौर आणि पवन केंद्रे उभारणाऱ्यांना ह्या ग्रंथांचा भक्कम पाया मिळाला. २००१ साली त्या निवर्तल्या. २०२५ सालाच्या प्रारंभी भारतातील सौरविजेची स्थापित क्षमता एक लक्ष मेगावॉटच्या वर गेली, तेव्हा किती जणांना त्यांचे स्मरण झाले असेल? ज्यांना पदवी मिळाली, ते पुष्कळ असतील. देशाला ऊन आणि वारा मोजून देणारी मात्र ही एक.

आता वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातील शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. कारण शक्ती ही वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. ह्या एका नियमात पवनचक्कीच्या धंद्याचे सारे भाग्य आणि दुर्भाग्य साठविलेले आहे. समजा, एखाद्या डोंगरावर सेकंदाला सात मीटर वेगाचा वारा आहे असे सांगितले गेले, आणि प्रत्यक्षात तो सहाच मीटर निघाला. सहाचा घन दोनशे सोळा, साताचा तीनशे त्रेचाळीस. म्हणजे वेगात एका मीटरची तूट आली आणि शक्तीत शेकडा सदतीस घट झाली. कर्जाचे हप्ते मात्र सात मीटरांच्या हिशेबाने फेडावयाचे! म्हणून पवनचक्की उभारण्यापूर्वी त्या जागी उंच खांब रोवून त्यावर वाट्यांचे वायुवेगमापक बसवितात आणि निदान एक वर्षभर, सर्व ऋतूंत, वारा मोजतात. गावातल्या वेधशाळेची नोंद ह्या कामी पुरत नाही. कारण ती जमिनीपासून दहाएक मीटरांवरची असते आणि आजूबाजूस झाडे व घरे असतात. पवनचक्कीचे पाते शंभर मीटरांवर फिरते. आपल्या भागात आणि घाटमाथ्यावर ज्यांच्या जमिनी आहेत, त्यांच्याकडे दलाल येतात. त्यांना चहापाणी जरूर करावे; पण सही करण्यापूर्वी, ‘येथला वारा कोणी, किती उंचीवर आणि किती महिने मोजला?’ एवढे एकच विचारावे. वारा पाहून पाठ द्यावी, असे आपल्याकडे म्हणतात; मी म्हणतो, वारा मोजून सही द्यावी.

आपल्या देशाला निसर्गाने एक मोठी सोय करून दिली आहे. आषाढ-श्रावणात ढग दाटून सौरवीज उतरते, तेव्हाच मोसमी वाऱ्यांमुळे पवनचक्क्या जोराने फिरू लागतात. वाऱ्यापासून मिळणाऱ्या वर्षाच्या विजेतला मोठा हिस्सा मे ते सप्टेंबर ह्या महिन्यांतलाच असतो. एक भाऊ दमला की दुसऱ्याने जू खांद्यावर घ्यावे, असा हा जोडा आहे. तथापि हा जोडा दरवर्षी सारखा चालत नाही. २०२० सालच्या जुलैमध्ये मोसमी वारे मंदावले आणि वाऱ्याची वीज आदल्या वर्षांच्या मानाने पुष्कळ घटली. २०२१ साली युरोपातही वारे मंद राहून इंग्लंड-जर्मनीसारख्या देशांस त्याची झळ लागली. ऋतू सुरू होण्यापूर्वी त्याचा कल कळला, तर कोळसा आणि धरणाचे पाणी ह्यांची तजवीज करून ठेवता येते. असा दीर्घ मुदतीचा अंदाज करण्याचे काम आपल्या देशात जुने आहे. १९०४ पासून वीस वर्षे हवामान विभागाचे प्रमुख असलेले सर गिल्बर्ट वॉकर ह्यांनी पावसाचे कोडे सोडविताना जगभरच्या वायुभाराच्या नोंदी जुळविल्या. प्रशांत महासागरावरचा वायुभार आणि हिंदी महासागरावरचा वायुभार तराजूच्या पारड्यांप्रमाणे खालीवर होतात, हे त्यांना त्यातून दिसले. आज आपण वर्तमानपत्रात ‘एल निनो’ हा शब्द वाचतो, त्याच्याशी निगडित असलेले हे ज्ञान भारताच्या पावसासाठी केलेल्या खटाटोपातून निघाले आहे.

आता रोजच्या अंदाजाचे महत्त्व सांगतो. विजेच्या जाळ्यात, कारखान्याने घातलेली वीज आणि लोकांनी वापरलेली वीज ही क्षणोक्षणी समान असावी लागते. हे समतोलाचे माप म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तने. वापर वाढला की आवर्तने उतरतात, वीज जास्त झाली की चढतात. हा तोल फार ढळला, तर काय होते, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताने अनुभविले. दुसऱ्या दिवशी तर जवळजवळ निम्मा देश अंधारात गेला. त्या प्रसंगाचे कारण ऊन-वारा नव्हते. परंतु तोल ही काय वस्तू आहे, ते त्या दिवशी सर्वांस कळले. उलट ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी नऊ मिनिटे दिवे मालविले आणि विजेची मागणी एकतीस हजार मेगावॉटहून अधिक खाली आली. तरी जाळे डगमगले नाही. कारण ही गोष्ट आधी ठाऊक होती आणि जलविद्युत्‌केंद्रांचे पाणी कमी-अधिक करण्याची योजना आखून ठेवली होती. आधी कळणे, हीच निम्मी सुरक्षितता होय.

महाराष्ट्राच्या विजेचा हा तोल जेथे सांभाळला जातो, ते राज्य भारप्रेषण केंद्र आपल्यापासून लांब नाही. ऐरोलीस, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे आणि कळवा केंद्र ह्या नावाने ओळखले जाते. तेथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागात कोणी किती वीज द्यावयाची, ते आदल्या दिवशी मांडले जाते. राज्याच्या विद्युत नियामक आयोगाने २०१८ साली केलेल्या नियमांनुसार पवन आणि सौर केंद्रांनाही आपला अंदाज द्यावा लागतो आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे चुकला, तर पैसे भरावे लागतात. दुपारी साताऱ्याकडे ढग येणार, किंवा धुळ्याकडे वारा पडणार, हे दोन तास आधी कळले, तर कोयनेचे पाणी सोडण्याची, उरणचे वायूवरचे केंद्र वाढविण्याची किंवा घाटघरचा उपयोग करण्याची तयारी ठेवता येते. घाटघरची युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. वीज जास्त असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वरच्या तळ्यात चढवावयाचे आणि वीज कमी पडली की तेच पाणी खाली सोडून अडीचशे मेगावॉट वीज काढावयाची. ऊन-वाऱ्याला वखार नाही असे मी म्हणालो. माणसाने पाण्याची वखार करून ती उणीव काही अंशी भरून काढली आहे.

मागणीचे पारडेही हवेवरच हलते. उकाडा वाढला की पंखे आणि वातानुकूलने सुरू होतात. पाऊस लागला की शेतातले पंप बंद होतात. म्हणून अंदाज दोन्ही पारड्यांचा हवा. त्यासाठी आज उपग्रह आकाशातून ढगांची चित्रे पाठवितात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ‘अर्क’ नावाचा महासंगणक सुरू झाला आणि मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरांच्या चौकटींत देशाच्या हवेचा अंदाज सांगणारी भारतीय पद्धत कार्यान्वित झाली. सहा किलोमीटर म्हणजे किती बारकाई, हे समजण्यासाठी २६ जुलै २००५ चा दिवस आठवावा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईतील कुलाब्याला सुमारे ७४. निसर्ग तालुक्याची हद्द पाहून बरसत नाही. तेव्हा त्याला पकडण्याचे जाळेही बारीक विणीचे हवे.

राहिला तिसरा हिशेब, पालटत्या हवामानाचा. बनारसच्या विद्यापीठातील, पुण्याच्या संस्थेतील आणि हवामान विभागातील अभ्यासकांनी १९८८ ते २०१८ ह्या काळातील नोंदी तपासून, देशाच्या बहुतेक भागांत उन्हाचे तास घटत चालले आहेत, असे २०२५ साली दाखवून दिले. ढग आणि हवेतील धूर-धूळ ही त्याची कारणे. म्हणजे कोळशाचा धूर हा सौरविजेचा दुहेरी वैरी आहे. ऊन अडवितो आणि पृथ्वीही तापवितो. वादळांची गोष्ट तर आपण अंगावर सोसली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. अंदाज आधी मिळाल्यामुळे हजारो माणसे सुरक्षित जागी गेली. पण विजेचे खांब आडवे झाले, छपरे उडाली आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. गच्चीवर पॅनेल बसविणाऱ्या प्रत्येकाने तो दिवस डोळ्यांपुढे ठेवावा.

आता ठरावाविषयी माझे मत सांगतो. ठराव संमत करावा, असे मला वाटते. परंतु चार अटींवर.

पहिली अट सावलीची. डिसेंबरात माध्यान्ही आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून अवघा अठ्ठेचाळीस अंश वर असतो. सकाळ-संध्याकाळी त्याहून पुष्कळ खाली. त्या वेळी पाण्याच्या टाकीची आणि जिन्याच्या खोलीची सावली कोठवर जाते, हे मार्गशीर्षात गच्चीवर खडूने आखून पाहावे. एकाच सरीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर सावली पडली, तरी साऱ्या सरीची वीज उतरते. एक बैल बसला की गाडी थांबते, तसे.

दुसरी अट हिशेबाची. महाराष्ट्रात एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो, असे धरतात. दहा किलोवॉटचे चाळीस युनिट. वर्षाचे चौदा हजारांच्या आसपास. ही सरासरी आहे. ऐन झडीच्या दिवसांत हा आकडा निम्म्याच्याही खाली जाईल, आणि फाल्गुनात सरासरीच्या वर राहील. जो विक्रेता बारा महिने सारखा आकडा सांगेल, त्याला नमस्कार करून निरोप द्यावा. वर्षाला इतके युनिट वाचले, तर बिल किती उतरेल, आणि तीच रक्कम ठेवीत ठेवली तर व्याज किती येईल, हे दोन्ही आकडे खजिनदारांनी एकाच कागदावर शेजारीशेजारी मांडून सभेपुढे ठेवावेत. मग मतभेद उरणार नाहीत, कारण अंकांना पक्ष नसतो.

तिसरी अट बांधणीची. चौकटी आणि त्यांचे नांगर चक्रीवादळाचा वेग धरून केलेले असावेत, आणि खाऱ्या हवेत न गंजणारे असावेत. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचे काय होते, हे आपणांस दुसऱ्याने सांगावयास नको.

चौथी अट मला सर्वांत मोलाची वाटते. संचाशेजारी एक पर्जन्यमापक, एक उच्चतम-नीचतम तापमापक आणि एक नोंदवही असावी. वसतिगृहातील मुलांनी पाळीपाळीने रोज सकाळी आदल्या दिवसाचा पाऊस, तापमान आणि वीज किती झाली, ते लिहावे. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती ढगांनी झाकले होते, तेही लिहावे. खर्च थोडा, शिस्त मोठी. पाच वर्षांनी ही वही आपल्या खाडीकाठचा एक छोटासा ग्रंथ होईल; आणि ज्ञातीतील ज्या कुटुंबाला आपल्या घरावर संच बसवावयाचा असेल, त्याला परक्या माणसाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

बंधुभगिनींनो, ह्या मागणीत माझा एक अंतःस्थ हेतू आहे, तो लपवीत नाही. नवी वीज येत आहे आणि तिच्याबरोबर नवे धंदे येत आहेत. आपल्या जमिनींवर बंदरे आली, कारखाने आले, शहरे आली. तेव्हा आपली मुले बहुधा फाटकावर पहारा करावयास उभी राहिली. पहारा करणे कमीपणाचे नाही. श्रम कोणताही असो, तो पवित्रच आहे. परंतु उद्या ऊन-वाऱ्याच्या कारखान्यांतही आपल्या मुलांच्या वाट्यास पॅनेल पुसण्याचीच नोकरी यावी काय? ज्यांचे पणजोबा आभाळाचा रंग पाहून मिठाची रास झाकीत, त्यांच्या पणतवंडांनी उद्याच्या वाऱ्याचा अंदाज सांगणाऱ्या खुर्चीवर का बसू नये? त्यासाठी गणित आणि पदार्थविज्ञान लागते. अंगचुकारपणा न करता रोज ठरल्या वेळी नोंद घेण्याची सवय लागते. म्हणून संस्थेने दरवर्षी एका विद्यार्थ्याला, आणि शक्य तर विद्यार्थिनीला, ह्या शास्त्राच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. निधीचा आरंभ म्हणून माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम मी आजच खजिनदारांच्या स्वाधीन करतो.

दुपारच्या सभेत ठरावावर मत देताना सभासदांनी ह्या चार अटींचा विचार करावा, अशी विनंती करून आणि संस्थेच्या कार्यास उत्तरोत्तर यश चिंतून मी आपली रजा घेतो.